दिलेला परवाना आणि त्यातील एक शब्द

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे एक लहानसे गाव आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला एक खेळ तेथील टी. एस. आर. नामक नवख्या मंडळीने १९७४ साली तीन पुस्तिका एका पेटीत घालून विक्रीस काढला. पहिली आवृत्ती अवघ्या १,००० प्रतींची होती. खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे भुयारे आणि ड्रॅगन. नाव पोरकट वाटेल. परंतु याच खेळाच्या नियमांवरून २०२३ च्या जानेवारीत जो तंटा माजला, त्यापायी एका बलाढ्य कंपनीला २२ दिवसांत माघार घ्यावी लागली. दिलेला परवाना देणाऱ्यास परत घेता येतो काय, हा एरवी वकिलांच्या दप्तरात पडून राहावयाचा प्रश्न त्या दिवसांत हजारो साध्या माणसांच्या तोंडी झाला होता.

खेळाचे स्वरूप प्रथम सांगणे अवश्य आहे. या खेळाला पट लागतोच असे नाही, सोंगट्या असल्या तर चालतात व नसल्या तरी अडत नाही, आणि शेवटी जिंकले कोण हा प्रश्नच उद्भवत नाही. चारपाच मंडळी मेजाभोवती बसतात. त्यांतील एकजण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो: अंधारी गुहा आहे, पुढे पाण्याचा आवाज येत आहे, मागची वाट बंद झाली आहे. मग प्रत्येकाने आपले पात्र काय करील ते सांगावयाचे. उडी साधली की हुकली, वार बसला की वाया गेला, हे ठरविण्यास फासे टाकतात. त्यांतील मुख्य फासा वीस पैलूंचा असतो. कोकणातील दशावतारी खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांस हे लवकर उमजेल. तेथेही आख्यान ठरलेले असते, पण संवाद लिहिलेले नसतात. पात्रे ऐनवेळी बोलतात आणि कथा पुढे नेतात. फरक इतकाच की येथे प्रेक्षक नाहीत, आणि भीमाची गदा लागली की नाही याचा निवाडा फाशाकडे आहे.

अशा खेळाचा एक स्वभावधर्म ध्यानात घेतल्यावाचून पुढील भांडण कळणार नाही. नियमांचे पुस्तक एकदा घेतले की दहा वर्षे पुरते. गोष्ट मात्र एका बैठकीत संपते. कीर्तनकाराला दररोज नवे आख्यान लावावे लागते, तशीच या सूत्रधाराची गत असते. नवी भुयारे, नवी नगरे, नवे राक्षस, नवी कारस्थाने त्याला आठवड्याच्या आठवड्याला हवी असतात. ही भूक भागविणारी पुस्तके लिहिणे हा एक स्वतंत्र धंदाच होऊन बसला. परंतु मोठ्या कंपनीच्या दृष्टीने त्यात फारसा राम नाही, कारण नियमांचे पुस्तक प्रत्येक खेळाडू घेतो, आणि गोष्टीचे पुस्तक पाचांत एकटा सूत्रधार घेतो. जेथे मोठ्याचे पोट भरत नाही तेथे धाकट्याचा संसार चालू शकतो. म्हणून अगदी प्रारंभापासून या खेळाभोवती तिऱ्हाईत प्रकाशक उभे राहिले. इलिनॉय राज्यातील 'जजेस गिल्ड' ही संस्था १९७६ मध्येच निघाली आणि टी. एस. आर.च्या अनुमतीने अशी पुस्तके छापू लागली.

पण अनुमती घ्यावीच का लागते? नियम कोणाच्या मालकीचे असतात? बुद्धिबळाचे वा सारीपाटाचे नियम कोणाची मिळकत नाहीत. ज्याला वाटेल त्याने पट शिवावा आणि विकावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८७९ साली एक खटला आला होता, तो या बाबतीत आजही आधारभूत मानला जातो, आणि गंमत अशी की तो खेळाचा नसून जमाखर्चाचा होता. सेल्डन नावाच्या गृहस्थाने हिशेब लिहिण्याची एक सुटसुटीत पद्धत काढून तिचे पुस्तक छापले होते, त्यात रकाने आखलेले तक्ते होते. पुढे बेकर नावाच्या दुसऱ्याने तशाच धर्तीचे तक्ते प्रसिद्ध केले. सेल्डनच्या विधवेने दावा लावला. न्यायालयाने सांगितले की, पुस्तकातील शब्दरचनेवर ग्रंथकाराचे स्वामित्व आहे. पुस्तकात शिकविलेल्या पद्धतीवर नाही. १९७६ च्या अमेरिकन कायद्यात हेच तत्त्व लेखी आले. आपल्याकडेही १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या नाटकावरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कल्पनेवर स्वामित्व नसते, तिच्या मांडणीवर असते, असाच निर्णय दिला आहे.

तेव्हा फासा टाकून वीसपैकी किती पडले ते पाहणे, ही रीत कोणाची नाही. ती ज्या वाक्यांत सांगितली ती वाक्ये मात्र लिहिणाऱ्याची. ऐकावयास सोपे आहे. पण हा खेळ शेकडो पृष्ठांचा आहे. एखादा मंत्र कसा चालतो याचे वर्णन ही पद्धत की साहित्य? एका विशिष्ट राक्षसाचे बळ, त्याची नखे, त्याची खोड, यांत नियम कोठे संपतो आणि कल्पनासृष्टी कोठे सुरू होते? ही रेषा कोणीच निश्चित आखून दिलेली नाही. आणि ज्याच्यापाशी वकिलाला द्यावयास पैसा नाही, त्याला रेषा आपल्या बाजूला आहे की पलीकडे, हे कळून तरी काय उपयोग? दाव्याची नोटीस हाती पडली की लहान प्रकाशकाचे दुकान बंद होते. निकालापर्यंत तो पोहोचतच नाही.

टी. एस. आर.ने ही गोष्ट पुरती ओळखली होती. वास्तविक तिचा स्वतःचा खेळ दुसऱ्यांच्या कल्पनांवर पोसलेला होता. पहिल्या पुस्तिकांत टोल्किनच्या कादंबऱ्यांतील 'हॉबिट' नावाचे बुटके लोक खुशाल वावरत होते. टोल्किनच्या हक्कदारांनी डोळे वटारल्यावर ते नाव काढून 'हाफलिंग' करावे लागले. परंतु ज्याने उसने घेतले त्याला उसने देणे आवडतेच असे नाही. १९९० नंतरच्या वर्षांत टी. एस. आर.ने 'मेफेअर गेम्स' या प्रकाशकाला न्यायालयात खेचले आणि अखेर त्याची ती पुस्तकमालाच विकत घेऊन टाकली. या तीन आद्याक्षरांचा अर्थ 'ते सदानकदा दावे लावतात' असा लावण्याची थट्टा त्या काळी खेळणाऱ्यांत रूढ होती. दाव्यांनी धंदा मात्र तरला नाही. १९९७ पर्यंत मुद्रकाचे बिल भागविणेही कंपनीस जड झाले, आणि सिएटलजवळच्या 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या पत्त्यांच्या खेळावर धनवान झालेल्या कंपनीने तिला विकत घेतले. दोन वर्षांनी त्या विझर्ड्सलाही 'हॅस्ब्रो' या खेळण्यांच्या अजस्र कंपनीने गिळले.

येथे रायन डॅन्सी या गृहस्थाचा प्रवेश होतो. विझर्ड्समध्ये या खेळाचा व्यवहार त्याच्या हाती होता. त्याचा विचार व्यापारी होता, आणि व्यापारी म्हणूनच तो पारखून पाहण्यासारखा आहे. खेळाची खरी दौलत पुस्तकात नसून तो खेळता येणाऱ्या माणसांच्या संख्येत आहे, असे त्याचे म्हणणे. ज्या भाषेत अधिक लोक बोलतात ती शिकण्यास अधिक लोक येतात, खेळाचेही तसेच. मग तिऱ्हाइतांशी झगडण्याऐवजी त्यांना बोलावून घ्यावे, त्यांनी गोष्टी छापाव्या, आणि प्रत्येक गोष्टीमागे आपले नियमपुस्तक खपावे. संगणकाच्या क्षेत्रात रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलींसाठी जो परवाना रचला होता, त्याचे उदाहरण डॅन्सीपुढे होतेच. खेळाची तिसरी आवृत्ती २००० साली निघाली तेव्हा तिच्याबरोबर 'ओपन गेम लायसन्स', म्हणजे मुक्त खेळ-परवाना, प्रसिद्ध झाला.

तो परवाना एका कागदावर मावेल एवढाच होता. नियमांचा गाभा कंपनीने एका दस्तऐवजात वेगळा काढून दिला. तो कोणीही उतरून घ्यावा, बदलावा, छापावा, विकावा. त्याबद्दल एक पैही द्यावयाची नाही. कंपनीची खास नावे, तिची नगरे, तिचे काही ठेवणीतले राक्षस यांना मात्र हात लावावयाचा नाही, आणि तिचे व्यापारचिन्ह परवानगीवाचून मिरवावयाचे नाही. आणखी एक अट अशी की, प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी परवान्याचा संपूर्ण मजकूर छापावयाचा, आणि त्याखाली ज्या ज्या पुस्तकांतून काही घेतले त्या सर्वांची स्वामित्वसूचना क्रमाने द्यावयाची. त्यामुळे या पुस्तकांच्या अखेरच्या पानावर एक वंशावळच तयार होई: या ग्रंथाने त्यातून घेतले, त्याने त्याच्या आधीच्यातून, आणि सर्वांचे मूळ विझर्ड्सच्या दस्तऐवजात. पुस्तकांच्या जगात इतका प्रामाणिक ऋणनिर्देश क्वचितच आढळतो.

परवान्यातील दोन शब्दांकडे आता पाहावयाचे. चौथ्या कलमात हा परवाना 'निरंतर' आहे असे म्हटले होते. नवव्या कलमात असे होते की कंपनी परवान्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढू शकेल, आणि घेणाऱ्याने परवान्याच्या कोणत्याही 'अधिकृत' आवृत्तीखाली काम करावे. कोणाला शंका येऊ नये म्हणून कंपनीने आपल्या प्रश्नोत्तरांच्या पत्रकात स्पष्टीकरणही दिले होते: आम्ही उद्या तुम्हांला न रुचणारा बदल केला, तरी तुम्ही जुनी आवृत्ती वापरीत राहू शकता. या आश्वासनावर माणसांनी नोकऱ्या सोडल्या, घरावर कर्ज काढले, चित्रकारांना कामे दिली. वीस वर्षांत त्या कागदाच्या आधारावर हजारो पुस्तके निघाली.

कंपनीला आपल्या उदारपणाचा पस्तावा झाल्याचे पहिले चिन्ह २००८ मध्ये दिसले. चौथ्या आवृत्तीसाठी तिने जुना परवाना न देता नवा, आवळ परवाना काढला. जी पुस्तकमाला नव्या परवान्याखाली आणाल ती जुन्याखाली पुन्हा छापावयाची नाही, आणि कंपनी मनात येईल तेव्हा तो रद्द करील, अशा त्यात अटी होत्या. वॉशिंग्टन राज्यातील 'पेझो' ही संस्था तोवर याच खेळाची दोन मासिके कंपनीसाठी चालवीत असे. तो करार २००७ मध्ये संपला होता. तिने नव्या परवान्याकडे पाठ फिरविली, जुन्या परवान्याखाली तिसऱ्या आवृत्तीचेच नियम सुधारून घेतले, आणि २००९ च्या ऑगस्टात 'पाथफाइंडर' नावाने आपला खेळ बाजारात आणला. जुन्या खेळाचे असंख्य चाहते तिकडे गेले. कंपनीने स्वतःच दिलेल्या परवान्यातून तिचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी जन्मास आला. पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये निघाली, आणि २०१६ च्या जानेवारीत तिचा गाभा पुन्हा त्याच जुन्या परवान्याखाली खुला झाला. शहाणपण परत आले असे सर्वांस वाटले, आणि पाचव्या आवृत्तीला जे यश लाभले ते पूर्वी कोणत्याही आवृत्तीला लाभले नव्हते.

यशाने भूक वाढते. २०२२ साली हॅस्ब्रोने या खेळाचे संगणकीय साहित्य पुरविणारी 'डी अँड डी बियाँड' ही सेवा १४ कोटी ६३ लक्ष डॉलर देऊन घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भागधारकांसमोर बोलताना कंपनीच्या वरिष्ठांनी असा सूर लावला की, या नावापासून जितका पैसा निघावयास हवा तितका निघत नाही. आणि ५ जानेवारी २०२३ रोजी 'गिझमोडो' या वृत्तसंस्थेच्या बातमीदाराने फुटलेल्या नव्या परवान्याचा मसुदा उजेडात आणला.

त्या मसुद्यात चार गोष्टी होत्या, आणि त्यांतील पैशाची गोष्ट सर्वांत कमी घातक होती, हे प्रथम सांगून ठेवले पाहिजे. वर्षाला साडेसात लक्ष डॉलरांहून अधिक विक्री करणाऱ्याने वरच्या रकमेवर शेकडा २५ प्रमाणे स्वामित्वधन द्यावे. किकस्टार्टरवर पैसा जमवून पुस्तक काढल्यास शेकडा २०. (किकस्टार्टर म्हणजे मराठी ग्रंथकार पूर्वी छपाईआधी आगाऊ वर्गणीदार मिळवीत, त्याचाच संगणकावरील अवतार.) समजा एखाद्याची वर्षाची विक्री १० लक्ष डॉलर झाली. वरचे अडीच लक्ष. त्यावर ६२,५०० डॉलर द्यावयाचे. आकडा फार मोठा वाटत नाही. पण ही आकारणी विक्रीवर आहे, नफ्यावर नाही. कागद, छपाई, चित्रकार, टपालखर्च आणि दुकानदाराचे कमिशन वजा जाता प्रकाशकाच्या हाती शंभरात दहापंधरा उरले, असे धरून चालू. तर साडेसात लक्षांची पायरी ओलांडल्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे त्याला पंचवीस द्यावयाचे, आणि मिळावयाचे दहापंधरा. म्हणजे धंदा वाढला की तोटा. शहाण्या माणसाने त्या पायरीपाशी येऊन दुकान बंद ठेवावे, अशी ही व्यवस्था होती.

दुसरे कलम असे की, तुम्ही या परवान्याखाली जे लिहाल त्याचे स्वामित्व तुमचेच. पण कंपनीला ते फुकट, कायमचे, जगभर, वाटेल त्या कामासाठी वापरण्याचा हक्क राहील, आणि तो परत घेता येणार नाही. तिसरे, कंपनी ३० दिवसांची सूचना देऊन हा परवाना वाटेल त्या कारणाने बदलील वा रद्द करील. दोन्ही कलमे शेजारीशेजारी ठेवून वाचावी. लेखकाने दिलेले कायमचे, कंपनीने दिलेले ३० दिवसांचे. एखादे पुस्तक लिहून, चित्रे काढवून, छापून वाचकाच्या हाती पडण्यास वर्ष दीड वर्ष लागते. महिन्याच्या मुदतीवर इतके भांडवल कोण अडकवील?

चौथे कलम सर्वांचा कळस होते. २००० सालचा जुना परवाना यापुढे 'अधिकृत' राहिलेला नाही, असे एका ओळीत म्हटले होते. तेवीस वर्षांपूर्वीच्या नवव्या कलमातील तो निरुपद्रवी शब्द आता एकाएकी कुलपाच्या किल्लीसारखा फिरविण्यात आला. कोणत्याही अधिकृत आवृत्तीखाली काम करा असे आम्ही म्हणालो होतो. आता ती आवृत्ती अधिकृत नाही. सबब तिच्याखाली काम करता येत नाही. चौथ्या कलमातील 'निरंतर' या शब्दाचे काय? त्यावर वकिलांचे उत्तर ठरलेले असते. निरंतर म्हणजे ज्याला मुदत नाही असा. 'परत न घेता येणारा' असा त्याचा अर्थ होत नाही. बेमुदत भाडेकरूला मुदत नसते, म्हणून त्याला नोटीस देताच येत नाही असे नाही. जुन्या परवान्यात 'परत न घेता येणारा' हे शब्द नव्हते, ही गोष्ट खरी होती.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे कमी सबळ नव्हते. परवाना कोणत्या कारणाने संपेल हे त्या कागदातच दिले होते: अट मोडली आणि समज मिळाल्यावर ३० दिवसांत दुरुस्ती केली नाही, तरच. एक कारण लिहिल्यावर दुसरे न लिहिलेले कारण मागून घुसडता येत नाही. शिवाय 'अधिकृत' म्हणजे कंपनीने यथाविधी प्रसिद्ध केलेली, असाच त्याचा साधा अर्थ. एकदा अधिकृत झालेली आवृत्ती अनधिकृत करण्याचा अधिकार कोठेही लिहिलेला नाही. आणि कंपनीचे ते स्वतःचे प्रश्नोत्तर-पत्रक? ज्याच्या बोलण्यावर विसंबून दुसऱ्याने आपली स्थिती बदलली, त्याला पुढे ते बोलणे नाकारू न देण्याचे तत्त्व अमेरिकन कायद्यात आहे, आपल्याकडेही आहे. मराठी मुलखाला हा वाद नवा वाटू नये. सनदेत 'आचंद्रार्क' लिहून दिलेली इनामे १८५२ च्या कायद्याने बसलेल्या इनाम कमिशनपुढे आली, तेव्हा चंद्रसूर्य जागच्या जागी होते. कागद पाहणारा बदलला होता.

कंपनीच्या बाजूने काही म्हणावयाचे असल्यास ते एवढेच की, २००० सालच्या कागदाने पुढचे जग कल्पिले नव्हते. तिच्या खेळाच्या आधाराने कोणी द्वेष पसरविणारे पुस्तक काढले, किंवा एखादी दुसरी अजस्र कंपनी त्याच नियमांवर करोडो मिळवू लागली, तर तिला बोलावयास तोंड नव्हते. मालकाने आपल्या मिळकतीची काळजी घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु ही कारणे तिने मसुदा फुटल्यावर, १३ जानेवारीस प्रथम नीट मांडली. आणि द्वेषमूलक पुस्तकांस आळा घालण्यासाठी सभ्य पुस्तकांच्या विक्रीतून चौथा हिस्सा कशास हवा, याचा खुलासा त्यात नव्हता.

प्रश्न न्यायालयात कधी गेलाच नाही. जाण्यास अवकाशच मिळाला नाही, कारण मधल्या दिवसांत खेळणारी माणसे उठली. त्यांच्या हाती एक साधे हत्यार होते: डी अँड डी बियाँडची मासिक वर्गणी. कंपनीने कोट्यवधी डॉलर ओतून घेतलेली ती सेवा लोक बंद करू लागले, आणि तसे करताना कारणही लिहू लागले. १२ जानेवारीस पेझोने जाहीर केले की ती एक नवा मुक्त परवाना स्वखर्चाने तयार करविणार, आणि तो कोणत्याही खेळ-प्रकाशकाच्या ताब्यात राहणार नाही. 'कोबोल्ड प्रेस', 'केऑसियम', 'ग्रीन रोनिन' आदी प्रकाशक तिला येऊन मिळाले. त्याला 'ऑर्क' असे नाव पडले. टोल्किनच्या राक्षसांवरून सुचलेला हा श्लेष कोणाच्या ध्यानात आला नसेल असे नाही.

कंपनीने १९ जानेवारीस दुसरा मसुदा काढला. त्यातून स्वामित्वधन गेले, लेखकाच्या लिखाणावरील हक्कही गेला. पण जुना परवाना अनधिकृत करण्याचा हट्ट कायम होता, आणि कोणते लिखाण द्वेषमूलक हे ठरविण्याचा अधिकार एकट्या कंपनीचा, असे नवे कलम होते. त्यावर तिने लोकांची मते मागविली. पंधरा हजारांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली. शेकडा ८८ जणांनी या परवान्याखाली काही प्रसिद्ध करण्याची इच्छा नाही असे सांगितले. शेकडा ८९ जणांना जुना परवाना मोडण्याचा बेत नापसंत होता. मतदानाची मुदत संपण्यापूर्वीच, २७ जानेवारी २०२३ रोजी, कंपनीने शरणचिठ्ठी लिहिली. जुन्या परवान्यास हात लावला जाणार नाही, आणि पाचव्या आवृत्तीचा सारा गाभा 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या सार्वजनिक संस्थेच्या परवान्याखाली तत्काळ खुला करण्यात येत आहे, असे तिने जाहीर केले.

या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पहिलीहून मोठे आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना विझर्ड्सने रचलेला नाही, म्हणून तिला तो सुधारताही येत नाही. मूळ कर्त्याचे नाव द्या आणि वाटेल ते करा, एवढीच त्याची मुख्य अट आहे. आणि २००० सालच्या कागदात जे शब्द नव्हते ते यात स्पष्ट लिहिलेले आहेत: हा परवाना परत घेता येणार नाही. खेळाची नियमपुस्तके २०२४ मध्ये पुन्हा सुधारण्यात आली. त्यांचा गाभाही २०२५ साली याच परवान्याखाली खुला झाला.

म्हणून भांडण मिटले, आणि सर्व पूर्ववत झाले काय? तसे घडले नाही. ज्या घराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे असे एकदा कळले, त्या घरात झोप लागत नाही. ज्यांना जमले त्यांनी आपापली वेगळी घरे बांधली. कोबोल्ड प्रेसने 'टेल्स ऑफ द व्हॅलियंट' हा स्वतःचा खेळ काढला. या खेळाचे प्रयोग लाखो लोकांपुढे करणाऱ्या 'क्रिटिकल रोल' मंडळीने २०२५ मध्ये 'डॅगरहार्ट' आणला. यांतील किती टिकतील हे सांगता येत नाही. आणि डॅन्सीने जी एक भाषा सर्वांनी बोलावी असे मनात आणले होते, तिच्या आता अनेक बोली झाल्या आहेत. नवशिक्याला यात फायदा की तोटा, यावर खेळणाऱ्यांतच एकमत नाही. धाकट्या प्रकाशकाला मात्र निदान आपल्या पायाखालची जमीन कोणाची आहे हे ठाऊक असते.

'ऑर्क' परवाना २०२३ च्या मध्यास पुरा झाला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरापासून पेझोने पाथफाइंडरची नियमपुस्तके मुळापासून पुन्हा लिहून छापण्यास आरंभ केला. कायद्याने तिला आता तशी सक्ती उरली नव्हती. तरीही जुन्या दस्तऐवजातून आलेला भाग तिने वेचून बाजूस काढला. पात्रांची सुष्ट आणि दुष्ट अशी जुनी वर्गवारी गेली, रंगांवरून ओळखले जाणारे ड्रॅगन गेले, मंत्रविद्येच्या आठ शाखा गेल्या. त्यांच्या जागी नव्या कल्पना आणि नवी नावे आली. या नव्या पुस्तकांत शेवटच्या पानावरील जुना परवाना व त्याखालची ती लांबलचक वंशावळ नाही. ऑर्कची एक लहानशी सूचना तेवढी आहे.